घडीचे पाते

पुण्याहून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्या मूळच्या आमच्याच भागातल्या. हल्ली चिरंजीवांकडे राहतात. पत्र चार पानांचे असून त्यातील साडेतीन पाने चिंतेने भरली आहेत. चिरंजीव एका कारखान्यात यंत्रविशारद आहेत. वय एकोणतीस, प्रकृती निकोप, व्यसन कोणतेही नाही. परंतु गेल्या चार वर्षांत त्यांनी खिशात बाळगावयाचे घडीचे चाकू जमविण्यास आरंभ केला, आणि आज असे तेवीस चाकू त्यांच्या संग्रही आहेत. त्यांपैकी एकाचे मोल अडतीस हजार रुपये आहे, हे बाईंस नुकतेच कळले. रात्री जेवणे आटोपली की चिरंजीव एकेक चाकू खोलतात, पुसतात, तेल देतात, पुन्हा जोडतात आणि कानाशी नेऊन त्याची उघडमीट ऐकतात. येथवर मातेने सोसले. परंतु गेल्या महिन्यात मुलीकडची मंडळी घर पाहावयास आली असता कपाटाचा खण उघडा राहिला; मुलीच्या मामांची दृष्टी त्या रांगेवर गेली, आणि चहा निम्मा टाकून मंडळी उठली. "याला छंद म्हणावे की आणखी काही?" असा बाईंचा प्रश्न आहे. शेवटच्या अर्ध्या पानात दोन किरकोळ गोष्टी आहेत. एक, सासऱ्यांचा जुना चाकू काळा पडला आहे. मुलगा तो घासून लखलखीत करावयाचे म्हणतो, तर करू द्यावा काय? दुसरी, अक्षर वेडेवाकडे आल्याबद्दल क्षमा. विळी बोथट झाली आहे, ती टोमॅटोवरून घसरली आणि बोटास चिंधी बांधावी लागली.

बाईंनी किरकोळ म्हणून लिहिलेली ही शेवटची गोष्ट आम्हांस सर्व पत्रात महत्त्वाची वाटली. तिच्याकडे आम्ही वळणारच आहोत. तत्पूर्वी मामांचा विचार करू.

मामांस दोष देण्यात अर्थ नाही. चाकू म्हटला की सुशिक्षित गृहस्थाच्या डोळ्यांपुढे भाजी येत नाही, चित्रपट येतो. रामपूर संस्थानात घडणारा लांब पात्याचा, खटक्याचा चाकू पडद्यावरील खलपुरुषांच्या हाती गेला, आणि त्या नगरीच्या कुशल कारागिरांच्या पदरी मात्र दुर्लौकिक पडला. त्याच रामपूरने २०२३ साली आपल्या एका चौकात सुमारे वीस फूट लांबीचा चाकू उभा करून आपल्या कारागिरीचा मान उघडपणे मिरविला, ही गोष्ट मामांच्या कानी गेली नसावी. वस्तुतः आपल्या पूर्वजांस या वस्तूचे इतके वावडे नव्हते. अमरसिंहाने क्षत्रियवर्गात सुरीला छुरिका, शस्त्री, असिपुत्री आणि असिधेनुका अशी चार नावे दिली आहेत. असिपुत्री म्हणजे तरवारीची लेक; आणि असिधेनुका शब्दशः घेतल्यास तरवारीची गाय! ज्या वस्तूस लेक आणि गाय म्हणावयाचे तिच्याविषयी मनात केवळ भय असेल, असे आम्हांस वाटत नाही. आपली 'सुरी' त्या छुरिकेचीच. 'चाकू' मात्र तुर्की-फारशीच्या वाटेने आला आणि घरचाच झाला.

आता बाईंस आमचा उलट प्रश्न असा की, आपण भाजी कशावर चिरता? महाराष्ट्रातील किती तरी घरांत आजही विळी आहे, आणि त्या विळ्यांत घडीची विळी पुष्कळ आहे. पाट, त्याच्या पुढील टोकास बसविलेले वाकडे पाते, पात्याच्या शेंड्यास नारळ खोवण्याची खवणी, आणि मुळाशी एक खिळा. काम झाले की पाते त्या खिळ्याभोवती फिरून पाटावर निजते. हा घडीचा चाकूच होय, केवळ खिशात न मावणारा. तो चालतो कसा हेही पाहण्याजोगे आहे. भाजी आपण पुढे लोटतो, पात्यावर भार पुढे पडतो, आणि पात्याची घडी मिटते ती आपल्याकडे. म्हणून जितके दाबावे तितके पाते आपल्या आधारावर अधिक घट्ट बसते. खिशातल्या चाकूचे शास्त्र अक्षरशः हेच आहे. धारेकडून दाब आला तर पाते उघडेच राहू पाहते. पाठीकडून दाब आला तर ते मिटते आणि बोटे धरते. जगातील चाकूकारांनी गेली शंभर-सव्वाशे वर्षे जी बुद्धी खर्च केली, तिचा मोठा भाग हा पाठीकडचा दाब कसा थोपवावा या एका प्रश्नावर खर्च झाला आहे. म्हणजे चिरंजीव रात्री ज्या खिळ्याशी झटतात, त्या खिळ्याची ओळख बाईंस लग्नापासून आहे. विळीचा खिळा ढिला झाला की पाते डुलते आणि काकडीचे काप एका बाजूस जाड होतात. फार ठोकला तर पाते मिटत नाही. त्या दोहोंमधला बिंदू साधणे, यालाच हे तरुण लोक चाकू जुळविणे म्हणतात.

घडीचे पाते ही आजकालची कल्पना नव्हे. ऑस्ट्रियातील हालस्टाट येथील प्राचीन वस्तीत हाडाच्या मुठीचा, इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या सुमाराचा घडीचा चाकू सापडला आहे. केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात रोमन काळचे एक घडीचे उपकरण आहे. त्यात पाते, चमचा, काटा आणि टोचणी एकाच मुठीत मिटतात. पण आमच्या अंबाजोगाईत ही वस्तू खिशात आली ती जेवण्यासाठी नव्हे, लिहिण्यासाठी.

हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि आमच्या गावाचे नाव मोमिनाबाद असे होते. कचेरीची भाषा उर्दू. त्यामुळे कारकुनाच्या कलमदानात जो लहान चाकू असे त्याला जुनी मंडळी कलमतराश म्हणत. कलम तासावयाचा तो कलमतराश. आम्ही स्वतः प्राथमिक शाळेत असता कित्ता बोरूनेच गिरविला. बोरू तासणे हे काम गुरुजींचे. त्यांच्या कोटाच्या खिशात दोन बोटे लांबीचा मिटता चाकू असे. प्रथम लांब तिरका काप, मग आतील गर खरवडणे, मग टोकाच्या मध्यभागी चीर, आणि शेवटी टोक किंचित कलते छाटणे. हा शेवटचा काप एका झटक्यात यावा लागे. त्या कलतेपणावर अक्षराचे जाडे-बारीक अंग अवलंबून असते. पाते बोथट असेल तर बोरू चिरडतो, टोकास कुसळे राहतात आणि शाई पसरते. वर्गातील चाळीस मुलांचे अक्षर एका चाकूच्या धारेवर चालले होते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातील पहिलाच समास लेखनक्रियेस दिला आहे, आणि त्यात बोरूच्या निवडीपासून लेखणी तोडण्यापर्यंतचा विचार येतो, तो उगाच नव्हे. आमच्या गावचे दासोपंत (१५५१ ते १६१५) यांची 'पासोडी' ज्यांनी पाहिली असेल त्यांस आमचे म्हणणे अधिक पटेल. सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद वस्त्र, आणि त्यावर शाईने लिहिलेले पंचीकरण, आकृत्यांसह! इतक्या अक्षरांस किती लेखण्या झिजल्या असतील आणि त्या किती वेळा तासाव्या लागल्या असतील, हा विचार आम्हांस तेथे उभे असता हटकून येतो. पासोडीचे दर्शन सर्व घेतात. लेखणी तासणाऱ्या त्या पात्याचा मागमूस कोठे नाही.

याच निजामी राज्याच्या तेलंगण भागात, हल्लीच्या निजामाबाद जिल्ह्यात, कोनासमुद्रम् म्हणून एक गाव आहे. तेथे मुशीत पोलाद होत असे, आणि ते विकत घेण्यास इराणहून व्यापारी येत. ह्या दक्षिणी पोलादाला इंग्रज 'वूट्झ' म्हणत. मुंबईचे डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस त्याचे नमुने लंडनच्या रॉयल सोसायटीकडे पाठविले. १७९५ साली जॉर्ज पिअर्सन यांनी त्यांवर निबंध वाचला. त्या परीक्षेत जेम्स स्टोडार्ट नावाच्या लंडनच्या चाकूकाराने त्या पोलादाची पहिली वस्तू कोणती घडवून पाहावी? लेखणी तासण्याचा लहान चाकू! धार इतकी उत्तम निघाली की स्टोडार्ट पुढे ह्या पोलादाचा पुरस्कर्ताच झाला, आणि फॅरेडेसारख्या शास्त्रज्ञासह त्याने त्यावर प्रयोग केले. हल्ली 'डमास्कस' या नावाखाली लाटांची नक्षी असलेले चाकू चढ्या दराने विकतात. चिरंजीवांस ठाऊक असेलच, पण इतर वाचकांसाठी सांगतो की ते बहुधा हे मुशीचे पोलाद नव्हे. दोन जातींच्या पोलादाचे थर एकत्र कुटून, वर आम्ल लावून ती नक्षी उठविलेली असते. नक्षी सुंदर असते. परंतु तिच्यावरून धारेचा अंदाज बांधू नये.

आता अडतीस हजारांचा हिशेब पाहू. साधा चाकू म्हणजे पाते, मूठ, खीळ आणि पाठीला दाब देणारी कमान. स्वित्झर्लंडच्या इबाख गावी कार्ल एल्सेनर यांनी १८८४ साली काढलेल्या कारखान्याने १८९१ पासून आपल्या सैन्यास जो चाकू पुरविला आणि १८९७ साली ज्या 'अधिकाऱ्यांच्या चाकू'ची नोंदणी केली, तो या कमानीवरच चालतो. पुढे आई व्हिक्टोरिया यांच्या स्मरणार्थ त्यांनी तिचे नाव मालास दिले आणि १९२१ मध्ये न गंजणाऱ्या पोलादाचे फ्रेंच नाव त्यास जोडले. तेच आजचे 'व्हिक्टोरिनॉक्स'. फ्रान्सच्या साव्वा प्रांतात जोसेफ ओपिनेल यांनी १८९० च्या सुमारास शेतकऱ्यांसाठी लाकडी मुठीचा चाकू केला. त्याला १९५५ मध्ये फिरते कडे आले, आणि ते फिरविले की पाते मिटत नाही. हा चाकू आजही स्वस्त आहे आणि आमच्या मते फार गुणी आहे. मग १९८० च्या सुमारास मायकेल वॉकर या अमेरिकन कारागिराने मुठीच्या आतील पातळ पट्टीच वाकवून तिला पात्याच्या बुडाशी अडसरासारखी उभी केली. आणि ख्रिस रीव्ह या दक्षिण आफ्रिकेतून अमेरिकेत गेलेल्या गृहस्थाने पुढे काही वर्षांनी टायटेनियमच्या मुठीचा एक भागच चिरून त्याला अडसर केले. पट्टी एका अंगास आणि पाते मध्यभागी, आणि दोहोंच्या भेटीत केसाच्या जाडीपेक्षाही कमी अंतराचा प्रश्न. पट्टी थोडी कमी आली तर अडसर सुटतो, अधिक गेली तर अडकून बसतो. पैसे पडतात ते या बसविण्याचे. बाकी पात्यासाठी हल्ली वितळलेल्या पोलादाचा फवारा मारून चूर्ण करतात आणि ते चूर्ण उष्णता व दाब देऊन पुन्हा एकजीव करतात. त्यामुळे त्यातील कठीण कण बारीक आणि सारखे विखुरलेले राहतात. असे पोलाद धार दीर्घकाल धरते, आणि गेलेली धार परत देताना तितकाच हट्ट करते. घरच्या दगडास ते दाद देत नाही. त्याला हिऱ्याच्या चूर्णाची पट्टी लागते. एवढ्या सर्वांस अडतीस हजार रास्त की अधिक? वीणा करणारा, घड्याळ करणारा, यांच्या हाताचे मोल जो मानतो त्याने येथे नाक मुरडू नये. पण अडतीस हजारांचा चाकू ओपिनेलच्या पन्नासपट चांगला पेरू कापील, असे कोणी म्हणेल तर त्याने आमच्याकडे येऊ नये.

कानाशी नेऊन आवाज ऐकणे, हे बाईंस सर्वांत भयंकर वाटले आहे. त्यात भिण्यासारखे काही नाही. आपल्या भाषेत तंबोराही लावतात आणि धारही लावतात. क्रियापद एकच आहे. कमानीच्या चाकूचे पाते पूर्ण उघडले की 'टक्' असा स्वच्छ आवाज यावा. तो दबका आला तर सांध्यात मळ आहे. करकर आली तर तेल नाही. आवाजच आला नाही तर कमान थकली आहे. चांगला यंत्रज्ञ यंत्र आधी ऐकतो, मग उघडतो.

तेलाविषयी मात्र चिरंजीवांनी स्वयंपाकघरात हात घालू नये. शेंगदाण्याचे, करडईचे तेल सांध्यात चिकट होऊन बसते. खोबरेल थंडीत थिजते. शिवणयंत्राचे पातळ खनिज तेल एक थेंब पुरे, आणि तो देण्यापूर्वी सांधा साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन पूर्ण सुकवावा. फळे कापण्याचा चाकू असेल तर औषधी दुकानात मिळणारे शुद्ध लिक्विड पॅराफिन वापरावे. धार लावताना कोन महत्त्वाचा. दर बाजूस पंधरा ते वीस अंश, आणि तो अखेरपर्यंत हलू नये. नवशिक्याने धारेवर काळी शाई फासून दोन घासे द्यावेत. शाई नेमकी कोठून गेली हे पाहिले की आपला हात कोठे चुकतो ते कळते. एका बाजूने पुरेसे घासले की दुसऱ्या बाजूस बोटाला जाणवेल अशी बारीक उलटलेली किनार येते. ती आली नसेल तर काम झालेले नाही, आणि ती काढली नसेल तर धार दोन दिवसांत मरते. ती किनार न्हाव्याच्या चामड्याच्या पट्ट्यावर पाठीकडे ओढून काढावी. परीक्षा कागदावर घ्यावी. अंगठ्यावर घेऊ नये, आणि हातावरचे केस भादरून आल्यागेल्यास दाखविण्याची जी चाल या मंडळींत आहे ती आम्हांस नापसंत आहे. दारावरून जाणारे शिकलगार आता विरळ झाले. त्यांच्यातील जाणता मनुष्य पाते पाण्यात बुडवीत चाक चालवी. हल्ली विजेच्या कोरड्या चाकावर ठिणग्या उडवीत धार लावून देतात. एका दुकानात आमच्या एका चाकूच्या शेंड्यास त्यामुळे निळी झाक आली. निळी झाक म्हणजे पोलादाचे पाणी उतरले. तेवढा भाग मऊ झाला आणि तो पुन्हा धार धरीत नाही. धार देणाऱ्या दगडाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो की, इंग्रजीतील 'कोरंडम' हा शब्द आपल्याच कुरुंदापासून गेलेला, तमिळ वाटेने, संस्कृतात कुरुविंद. आणि आपली सहाण म्हणजे संस्कृत शाण. चंदन उगाळण्यापुरती ती आज उरली असली तरी शब्दाच्या मुळाशी धारच आहे.

म्हणजे आम्ही चिरंजीवांच्या बाजूचे झालो, असे बाईंस वाटू लागले असेल. तसे नाही. तेवीस चाकूंपैकी किती चाकूंनी काही कापले आहे, हे त्यांनी चिरंजीवांस विचारावे. या छंदात एक पंथ असा आहे की चाकू पेटीतून काढावयाचा, उघडून मिटावयाचा, आणि धार न वापरता परत ठेवावयाचा. कारण वापरला की विकताना किंमत उतरते. असे चाकू वर्षानुवर्षे हातोहात फिरतात आणि त्यांनी सुतळीचा एक तोडा कापलेला नसतो. भर्तृहरीने सहाणेवर झिजलेल्या रत्नाची शोभा वाखाणली आहे. आमच्या वडिलांच्या चाकूचे पाते चाळीस वर्षांच्या घासणीने निम्म्याहून अरुंद झाले आहे, आणि पेटीतल्या कोणत्याही चाकूशी आम्ही त्याची अदलाबदल करणार नाही. गंमत अशी की ख्रिस रीव्ह यांच्या ज्या चाकूमागे सारे जग लागले आहे आणि बाईंच्या कपाटात जो बहुधा तोच असावा, त्याचे नाव 'सेबेन्झा'. आणि झुलू भाषेत या शब्दाचा अर्थ आहे काम. करणाऱ्याने नाव ठेवले काम, आणि घेणाऱ्याने त्याला पेटीत बसविले!

आणि येथे आम्ही विळीकडे येतो. ज्या घरात तेवीस पाती केस चिरतील अशी लावलेली आहेत, त्या घरात आईचे बोट बोथट विळीने कापते, ही गोष्ट आम्हांस मामांच्या उठून जाण्याहून अधिक लागली. बोथट पाते धारदार पात्याहून घातक असते, कारण त्याला जोर द्यावा लागतो आणि जोर दिला की ते घसरते. हे चिरंजीव कोणासही तासभर समजावून देतील. तेव्हा बाईंनी आज रात्री जेवणे झाल्यावर काही न बोलता विळी त्यांच्यापुढे ठेवावी. खिळा ढिला असेल तर आवळावयाचा, पाते आतल्या वळणाचे असल्यामुळे सपाट दगड चालणार नाही, गोल कांडी घ्यावी लागेल, खवणीचे दाते निराळे. चांगली दोन तासांची विद्या आहे. चिरंजीवांनी ती आनंदाने केली तर तो छंद होय, आणि बाईंनी निश्चिंत असावे. 'ही काय विळी!' असे म्हणून बाजूस सारली तर मात्र आम्हांस पुन्हा लिहावे. तेव्हा आमचे उत्तर निराळे असेल.

संग्रह कसा असावा हे पाहावयाचे तर मायलेकांनी एका सकाळी बाजीराव रस्त्यावरील राजा दिनकर केळकर संग्रहालयात जावे. दिनकर गंगाधर केळकर (१८९६ ते १९९०), म्हणजे 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणारे तेच, यांनी १९२० च्या सुमारास जमविण्यास आरंभ केला. पत्नी कमलाबाई यांनी त्यात साथ दिली. अकाली गेलेल्या राजा या मुलाचे नाव संग्रहास ठेवले, आणि १९७५ साली तो सर्व संग्रह महाराष्ट्र शासनास देऊन टाकला. तेथील अडकित्ते मुद्दाम पाहावेत. अडकित्ता म्हणजे तरी काय, एका खिळीवर फिरणारी दोन अंगे आणि त्यांतील एकास धार. परंतु पितळेच्या त्या लहानशा वस्तूवर घडविणाऱ्यांनी काय काय रूपे चढविली आहेत! केळकरांनी जमविलेल्या वस्तू बहुतांशी लोकांच्या घरात वापरून झिजलेल्या होत्या, आणि ती झीज त्यांनी पुसली नाही.

खिशात बाळगण्याविषयी दोन शब्द. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखालील २०१६ च्या नियमांप्रमाणे नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या धारदार शस्त्रास परवाना लागतो. घरगुती, शेतकीच्या, शास्त्रीय वा औद्योगिक उपयोगाची हत्यारे त्यातून वगळली आहेत. चिरंजीवांचे चाकू याच्या निम्म्याचेही नसतील. तथापि महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या ३७ व्या कलमान्वये अधिकाऱ्यांस ठरावीक मुदतीपुरती चाकू बाळगण्यास मनाई करता येते, आणि सण, निवडणुका, तंग वातावरण यांच्या आगेमागे असे हुकूम निघत असतात. ते वृत्तपत्रात पाहण्याची सवय ठेवावी. विमानात हातसामानात चाकू चालत नाही, मग तो एक इंची का असेना. यात्रेत, सभेत, परक्याच्या घरी तो खिशात नसावा, हा कायद्याचा नव्हे, रीतीचा भाग. दुसऱ्यास द्यावयाचा तो मिटवून, नाही तर खाली ठेवून; उघडे पाते हातात देऊ नये असे आमच्या घरची वडील मंडळी सांगत, आणि कारण विचारले असता 'भांडण होते' म्हणत. कारण कसेही असो, बोट वाचते.

राहता राहिला सासऱ्यांचा चाकू. तो घासू देऊ नये. साध्या पोलादावर चिंच, लिंबू, कैरी यांनी जो काळसर रंग चढतो तो गंज नव्हे. उलट खालच्या पोलादाचे तो काहीसे रक्षणच करतो. तांबडा असेल तो गंज, आणि तेवढाच काढावयाचा: दोन दिवस तेलात भिजवून, जाड फडक्याने, फार तर अत्यंत बारीक लोखंडी लोकरीने. पॉलिश कागद नको, विजेचे चाक तर नकोच. त्याने पात्यावरचे नाव जाते, आणि जुन्या चाकूत नाव गेले की वंशावळ गेली. मूठ हस्तिदंताची निघाल्यास तो विकण्याचा विचारही मनात आणू नये. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ अन्वये तो व्यापार निषिद्ध आहे. मूठ सेल्युलॉइडची असेल तर तिच्यावर नजर ठेवावी. जुने सेल्युलॉइड कुजू लागले की त्यातून आम्ल वाफा निघतात आणि शेजारच्या चाकूंनाही गंज चढवितात; असा चाकू चिरंजीवांच्या रांगेत ठेवू नये. चामड्याच्या पिशवीतही ठेवू नये, पावसाळ्यात चामडे ओल धरते.

आणि पाते उजेडाकडे तिरके धरून त्याच्या मुळाशी पाहावे. त्या पिढीत आपल्याकडे शेफील्डच्या जोसेफ रॉजर्सचा चाकू फार मानाचा होता, आणि त्याच्या नकलाही तितक्याच होत्या. शेफील्डचे खोटे शिक्के मारलेल्या परदेशी मालामुळे विलायतेत १८८७ साली त्याविरुद्ध कायदाच करावा लागला. खऱ्यावर एक तारा आणि त्याशेजारी एक रुंद बाहूंचा क्रूस असतो. वर मुकुटाच्या दोन बाजूंस दोन रोमन अक्षरे असतील तर त्यांवरून काळ कळतो. 'व्ही' आणि 'आर' असल्यास चाकू व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीतला, म्हणजे १९०१ पूर्वीचा. 'जी' आणि 'आर' असल्यास बहुधा पाचव्या जॉर्जच्या राज्यारोहणानंतरचा, १९१० पासून पुढचा. बाईंचे बोट बरे झाले म्हणजे कोणती अक्षरे निघाली ते त्यांनी आम्हांस एका ओळीने कळवावे.